एकेरीचा एस

अहमदपूर. सहावी ब, तिसरा तास.
फळ्यावर मी लिहिते
आय कम, यू कम, वुई कम, दे कम,
आणि खाली, जरा बाजूला,
ही कम्स, शी कम्स.
एकटं कुणी आलं
की क्रियापदाच्या शेपटाला एक एस.
जास्त जण आले की तो गळतो.

"उलटंच की मॅडम," मागच्या बाकावरून इलियास,
"नामाला एस लागला की लई,
क्रियापदाला लागला की एकच?"
हो रे, उलटंच.
मी खडूचे हात झटकते
उत्तर दिल्यासारखे.

वह्यांच्या गठ्ठ्यात श्रावस्तीची वही.
माय फादर ड्राइव्ह अ ट्रक.
माय मदर रन्स अ फ्लोअर मिल.
एक चूक, एक बरोबर.
वडिलांना लाल पेनानं एस जोडला,
आईपुढे बरोबरची खूण.

"पण मॅडम, बाबा चालवतात ना.
चालवतो कसं लिहू?
हैदराबादहून फोन आला तरी आई म्हणती,
जेवायलेत, निघायलेत, यायलेत."

इंग्रजीत बाप एकच असतो गं, मी सांगते.
कलेक्टरसुद्धा एकच.
देव तर आपल्याकडंही एकेरीत.
"आणि आई," ती म्हणाली.
प्रश्न नव्हता तो.

रात्री ताटं घेताना ऐकू आलं
चाळीस वर्षं बोलत आलेलं:
दादा बसतात, आई वाढते.
अण्णा झोपलेत, आई उठली.
माया म्हणतात त्याला.
असेलही.
दुधाची साय धरेपर्यंत मी तिथंच उभी.

दुसऱ्या दिवशी वहीत
फादरचा एस जागच्या जागी, वळणदार.
मदरचा मात्र खोडलेला.
रबरानं कागद इतका झिजवलेला
की पलीकडच्या पानावरचं गणित दिसावं.

"अगं, काल बरोबर होतं की हे."
"एस म्हणजे एकेरी ना मॅडम?
बाबाला लागू द्या, ते घरी असतातच अनेकवचनात.
आईचा हितं तरी काढते."

लाल पेनाचं टोपण उघडलं, बसवलं.
ते वाक्य अजून तपासायचं राहिलंय.
निरीक्षक आले तर काय सांगायचं
तेही ठरवलेलं नाही.

शनिवारी पालकसभा.
चक्की बंद करून तशीच आलेली बाई दारात,
भुवया पिठानं पांढऱ्या,
चपला काढाव्यात की नाही या विचारात.

"मॅडम, आई आली," श्रावस्ती उभी राहिली.
मग थांबली. ओठ ओले केले.
"आई आल्यात."

बाईंनी मागं वळून पाहिलं,
आपल्यासोबत अजून कोण आलंय.