सतरा नंबर

त्या वर्षी पाखल्यांनी माड मोजले.
किल्ल्यावरून शिडी उतरली, चुन्याची बादली उतरली,
मागोमाग चार बंदुका, आणि एक कारकून
ज्याला पोय कुठली, झावळ कुठली, कळत नव्हतं.
एकेका बुंध्यावर एकेक आकडा.
आम्ही तोवर माडांना नावांनीच ओळखायचो :
वाकडो, बावीवयलो, आवशीन लावललो,
वीज पडललो.
तो आता झाला एकशेनऊ.

सूर काढायची तर खाली परवाना दाखवायचा.
शेंड्यात पोचल्यावर मात्र सगुण रेंदेराला
शीव काही दिसत नसे.
रेडीकडे माड, केरीकडे माड,
मधे तेरेखोलची खाडी,
भरतीला आत, ओहोटीला बाहेर,
कुणाचाही शिक्का न घेता.

"काय दिसता रे वयसून?" दुभाषी ओरडे.
"माड दिसतत, सायबा."
आणि पोयीवर ठोके :
दोन, गस्त बंदराकडे गेली.
तीन, होडी तिथंच थांबव.

अमावास्येला चुना कुणी कालवला, विचारू नका.
पिएदादच्या न्हाणीत सकाळी दोन घागरी पांढऱ्या होत्या,
एवढंच.
उजाडलं तेव्हा अख्ख्या वाडीत
प्रत्येक माड सतरा.
कपेलामागचा सतरा, किल्ल्याच्या वाटेवरचा सतरा,
नारळ न धरणारा वांझ माडसुद्धा सतरा.

कारकून वही उलटी धरून उभा.
आफ्रिकेतून आणलेला एक कोवळा शिपाई
तोंड वळवून हसला.
त्याच्याही गावात माड असावेत.

सगुणचे तळहात त्यांनी लाकडी पळीने फोडले,
मोजून.
कितीवर थांबले ते त्याने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
त्यानंतर त्याच्याने दोर धरवेना.
मग बायजी चढली.
बाईमाणूस माडावर!
वाडी खाली बघत राहिली, कान तेवढे वर.
दोन ठोके.
जरा थांबून, तिसरा.

चुना दोन पावसाळ्यांत धुऊन गेला.
पाखलेही गेले, पुढे, एका डिसेंबरात.
खरा सतरावा अजून उभा आहे.
पत्रकं सापडली म्हणून इनासला
ज्याला बांधलं होतं, तो.
माड शेंड्याकडून वाढतो.
बुंध्याशी जे झालं ते तिथंच राहतं,
माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर,
जिथे दोर काचला.