आफ्रिका अभ्यास, दुसरे सत्र

तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगत,
जिथे आधी शिवणयंत्रं होती
तिथे आमचा विभाग.
पाटी नाही. दारावर खडूनं लिहिलंय:
आफ्रिका – समाज, राजकारण, संस्कृती.
'संस्कृती'तली शेवटची वेलांटी कुणाच्या तरी खांद्याला लागून गेली.

विद्यार्थी चार.
वैजयंता बोरस्ते निफाडहून येते;
वडिलांना वाटतं, द्राक्षांना नवं गिऱ्हाईक सापडेल.
इरफान खतीबला अर्थशास्त्र मिळालं नाही, म्हणून हे.
कल्पेश गायधनी हजेरीपुरता.
आणि हिरामण गावित, पेठचा.
त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं,
सर, त्यांच्याकडे नागली होते का?
म्हटलं, होते. तिथूनच आली आपल्याकडे.
मग तो तासभर वहीत काही न लिहिता बसला.

मी आफ्रिकेला गेलेलो नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
कंडक्टर सुट्टे नाहीत म्हणून सांगतो तसं.
नकाशा आहे. त्यात सुदान अजून एकच आहे,
आणि घडीवर विरलेल्या व्हिक्टोरिया सरोवरातून
भिंतीचा चुना दिसतो.

मंगळवारी रेहेमा येते,
मोंबासाजवळच्या राबाईची,
इथे फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
स्वाहिली शिकवते, तासाला दीडशे रुपये, मिळाले तर.
दुकानाला दुका, गाडीला गारी,
साबणाला साबुनी, आंब्याला एम्बे.
वर्ग खूश; अर्धी भाषा फुकटात आली.
मग फसगत सुरू होते.
दादा म्हणजे बहीण.
मामा म्हणजे आई.
माजी म्हणजे पाणी
(गंगापूर धरण तळाला गेलं त्या आठवड्यात
इरफान म्हणाला, आता माजी माजी).
आणि का म्हणजे बस, थांब, राहा.

त्या दिवशी मी शरणपूर शिकवत होतो.
शरणपूर रोडला आम्ही रोज सिग्नलला थांबतो,
गिअर टाकतो, निघतो.
गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली पोरं
दीडशे वर्षांमागे इथे रंधा मारायला शिकली,
भाता ओढायला शिकली, मराठी शिकली,
आणि मोठी झाल्यावर
परत त्या किनाऱ्यावर नेऊन उतरवली,
आठवत होतं ते गाव सोडून भलतीकडेच.
परीक्षेत याला चार गुण. टीप लिहा.

रेहेमा मागच्या बाकावर होती. म्हणाली,
माझ्या आईची मावशी जेवताना
ताटावर हात आडवा धरायची
आणि म्हणायची, पुरे.
गावात दुसरं कुणी असं म्हणत नसे.
आम्हाला वाटायचं, तिचा स्वतःचाच शब्द आहे.
परवा मेसमध्ये भात वाढणाऱ्या ताईंना
वैजयंता म्हणाली, पुरे.
मी ताट तसंच ठेवून बाहेर गेले.

पंखा फिरत राहिला.
मी शिक्षक, मला बोलावंच लागलं.
म्हटलं, एक शब्द म्हणजे पुरावा नव्हे.
योगायोग असेल, पोर्तुगीज असेल,
निदान दोन साधनं हवीत.
बोलता बोलता माझाच आवाज मला
तपासणी समितीपुढचा वाटला.
हिरामण म्हणाला, सर,
पण हात आडवा धरायची ना?
त्या हाताला तळटीप कुठली द्यायची,
मला अजून सुचलेलं नाही.

मार्चमध्ये पत्र आलं.
दहाच्या खाली पटसंख्या, खोली टॅलीच्या कोर्सला हवी,
सात दिवसांत खुलासा करावा:
हा विभाग का?
मी उद्दिष्टं लिहिली, खोडली.
फलनिष्पत्ती लिहिली, खोडली.
इरफाननं खांद्यावरून पत्र वाचलं,
माझंच पेन घेतलं
आणि फक्त प्रश्नचिन्हावर काट मारली.

कार्यालयीन पत्रावर असं करायचं नसतं.
आता झेरॉक्स मागवावी लागेल.
आणि रेहेमाच्या नऊ तासांचे पैसे
अजून द्यायचेत.