शेपूट पुढच्या गावात

टाऊन हॉलमागच्या भिंतीवर मासा करायचं ठरलं,
तेव्हा मर्टल आँटींनी रंग मागितले नाहीत.
म्हणाल्या, ताटं आणा.
पांढरी, जाड, निळ्या काठाची,
मिशनच्या स्वयंपाकघरात असायची तसली.

गावाने कपाटं उपसली.
बेकरीवाल्या कॉस्टाने आईचा टी-सेट दिला.
चर्चने दोन खोकी पाठवली, वर चिठ्ठी : परत नकोत.
मी कौन्सिलचा गवंडी. माझं काम सिमेंट कालवायचं
आणि विचारलं तरच बोलायचं.

पहिलं ताट त्यांनी उलटं केलं,
मागचा शिक्का अंगठ्याने पुसला.
नऊ वर्षांची होते, रोज एकशेवीस घासायचे, म्हणाल्या.
एक फुटलं की रात्री उपाशी.
मग गोणपाटात गुंडाळून त्यावर हातोडी मारली.
आवाज फारसा झाला नाही.
गोणपाट उलगडून ठिकऱ्या निवडत बसल्या,
ही पोटाची, ही कल्ल्याची,
ही नको, हिला धार आहे,
पोरं हात लावणार.

पोरं यायचीच, शाळा सुटली की.
मासा कुठे दमला, कुठल्या डोहात पडून राहिला,
सांगता सांगता आँटी खवला दाबायच्या ओल्या सिमेंटमध्ये
आणि कथा तेवढीच थांबायची,
खवला धरेपर्यंत.
नदीला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे.
तो पोरांकडून तीनदा म्हणवून घेतला.
चौथ्यांदा मी म्हणालो, मनात, घमेलं ढवळताना.
इथे लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात प्रिचर्डबाई फॉर्म घेऊन आल्या.
कलाकृतीचं नाव. लांबी. रुंदी.
कथेचे हक्क कोणाकडे?
आँटींनी हात पुसले. खूप वेळ पुसले.
डोकं आमचं, म्हणाल्या. पोटही आमचं, त्या पुलापर्यंत.
शेपूट खालच्या लोकांची.
ती त्यांनी सांगायची. मी केली तर चोरी.

म्हणजे भिंतीवर अर्धाच मासा?

नदी तरी इथे कुठे पुरी आहे, बाई.

प्रिचर्डबाईंनी रकाना कोरा ठेवला.
मी कड घोटायला थापी उचलली, सवयीने.
आँटी म्हणाल्या, राहू दे.
पुढच्यांना धरायला खडबडीत हवी.

उरलेल्या ठिकऱ्या बादलीत भरून
शनिवारी आम्ही निघालो, नदी डाव्या हाताला ठेवून.
दोनशे किलोमीटर. मध्ये एकदा पेट्रोल, एकदा मांसाची पाय.
बादली मागे खुळखुळत होती.
आँटींच्या मांडीवर एक ताट, अख्खं,
निळा काठ जरा उडालेला.
मी न विचारताच बोललो : हे फोडायचं राहिलं.
त्यांनी खिडकीबाहेर बघितलं,
पाणी दिसत होतं झाडांमधून, मग नव्हतं, मग पुन्हा.

हे जेवायला, म्हणाल्या.
आणि आज घासायचं तू.