तोंडाला बसेल असं

शाळा बंद पडली तेव्हा देओलिंदाने उचलले
अकरा चंबू, त्यातला एक तीन तोंडांचा,
बावीस युरोत. बूच एकालाही नव्हतं.
"ती आधी हरवतात," पहारेकरी म्हणाला,
"मग मुलं, मग मास्तर."

चाळीस वर्षं तिने तिथे दुसऱ्यांच्या नळ्या विसळल्या.
आता खुराड्यातून कोंबड्या हलवून
तिथे तिचं स्वतःचं काहीबाही उकळतं.

आणि गाव कोणतं, तर कोरुश!
चारी बाजूंना बुचाचीच झाडं,
सोललेल्या तांबड्या खोडांवर पांढरा आकडा:
कोणत्या साली साल काढली.
अबिलिओने पोतंभर बुचं आणून ओतली,
फुकट, आणि वर ऐट.
तिसऱ्या दिवशी नायट्रिक आम्लाने
त्यांचा पिवळा भुगा केला.
तो बोट लावणार, तिने मनगटावर चापट मारली.
मग नुसताच बघत राहिला,
नात्यातल्या कुणाची निंदा ऐकावी तसा.

रबर चिकटलं काकवीसारखं.
काचेचं एक मिळालं, ते बसलं,
आणि असं बसलं की आजतागायत उठलेलं नाही.
टेफ्लॉनचं एकोणीस युरोला एक, टपालखर्च वेगळा.
नाकापेक्षा मोती जड. तिने यादी मिटली.

मग मंगळवारी मोरीतला नळ गळायला लागला.
किंतिनोने आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली,
नळ पिळला, थेंब थांबला.
ती नळाकडे बघतच नव्हती.
"हे कशाचं?"
"टेफ्लॉन. साठ सेंटला रीळ. का?"

त्या रात्री अबिलिओ चाकूने बुचं तासत बसला,
वर रुंद, खाली निमुळती,
आणि ती एकेकाला खालून टोपरं घालून
वेढे देत गेली. दोन, तीन.
चौथा दिला की तोंडात मावत नाही.

चार दिवसांनी तो अंडी बघतो म्हणून खुराड्यात गेला,
जिथे दोन वर्षं कोंबडी नाही.
कडेला किंचित पिवळं. बाकी धड.

संध्याकाळी तिला दिसलं:
प्रत्येक बुचाच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाने चार.
झाडाला पुन्हा हात लावायचा तो नऊ वर्षांनी.
अबिलिओ अठ्ठ्याहत्तरचा.
तिने बोटांवर मोजायला घेतलं, अर्ध्यात सोडून दिलं,
आणि किंतिनोकडून आणखी दोन रिळं आणली.