पायाची ओळ

कमान उभी राहिली खारवलीच्या फाट्यावर
आणि सरपंचबाईंचं बोलावणं आलं.
म्हणाल्या, तुम्ही चाळीस वर्षं जमिनी मोजल्यात,
वरची ओळ तुम्हीच लिहा:
हे गाव कुणी वसवलं, कशावर वसवलं.
रंगारी परवा येतोय. अक्षरामागे बारा रुपये.

दुपारीच ज्योकीम रोजारियो ओट्यावर हजर,
पिशवीत बाप्तिस्म्याच्या वहीची झेरॉक्स.
लिही, क्रुसावर.
खाडीच्या तोंडाशी आमचं देऊळ झालं, घंटा वाजली,
मग घरं आली.
त्याआधी काय होतं इथे? चिखल. निवट्या.

त्याच्या मागोमाग एलियाझर कुर्डूसकर, वकील,
अलिबागची एसटी चुकवून मुद्दाम थांबलेला.
क्रूस नको, मोकळीक लिहा.
इथे ज्याला त्याला ज्याचा त्याचा वार होता.
माझा पणजा शनिवारी घाणा बंद ठेवी,
बैल दिवसभर रवंथ करी,
कुणी विचारलं नाही, आज तेल का नाही.

विचारलं नाही कसं, ज्योकीम म्हणाला,
माझी आजी दर शनिवारी तुम्हाला शिव्या घालायची.

दोघं माझा चहा पिऊन भांडत गेले,
एकाच छत्रीतून.

रात्री ट्रंक उघडली.
देवळाचा उंबरा माझ्या वहीत आहे: पाच फूट दोन इंच.
एवढंच लिहिलंय. हे नाही लिहिलं
की तो दगड पालथा आहे,
आणि खालून हात घातला
तर बोटांना लागते कमळाची पाकळी.
ज्योकीमनेच घालायला लावला होता तो हात,
आम्ही दोघं नऊ वर्षांचे,
आत प्रार्थना चाललेली.
तो काही बोलला नव्हता. मीही नाही.

मग मोकळीक. म्हटलं, तिचाही कागद असेल.
मिठाच्या पावत्या निघाल्या,
आणि वाळीत टाकलेल्या सात जणांची यादी.
चौथं नाव माझ्या आजोबांचं.
गुन्हा: खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी प्याले.
कागद होता तसा घडी घालून ठेवला.
घडीवर तो फाटत चाललाय.

दुसऱ्या रात्री भादव्याचं उधाण,
आणि पूर्वेच्या बांधाला खांड पडली.
मी पोचलो तेव्हा खारं पाणी पोटरीभर,
भात लोंबीवर आलेलं.
ज्योकीम खांडीत छातीपर्यंत उभा,
वकील पँट गुंडाळून पेंढ्याच्या मोळ्या देतोय,
चुकीच्या बाजूने,
आणि हिराबाय म्हात्रीण बांधावरून ओरडतेय,
माती आना रं, नावा मंग लिवा!

जोळ म्हणतात याला आमच्याकडे.
ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने मातीला यायचं.
न आलेल्याला दंड.
आलेल्याला काही नाही.

हा बांध मी सहा वेळा मोजलाय.
नकाशात त्याची लांबी आहे, रुंदी आहे,
पाया नाही.
चिखलावर चिखल, त्यावर गेल्या साली ज्याने टाकला त्याचा चिखल.
कुणी पहिला गोळा टाकला असेलच,
पण तो केव्हाच समुद्रात गेला,
त्या जागी दुसऱ्याचा आहे, तोही जाणार.
इकडे येताना हे मनात आलं खरं,
पण ते कमानीवर मावणारं नव्हतं,
आणि बारा रुपये अक्षर.

पहाटे पाणी हटलं. तीन एकर भात गेलंच.
ज्योकीमच्या पायात शिंपला घुसलेला,
तो वकिलाच्या रुमालाने बांधला,
आणि बांधता बांधता परत सुरू:
पण पहिली घंटा तर आमचीच ना?

रंगारी शिडीवर चढून विचारू लागला, काय लिहू.
मी चिठ्ठी दिली. सरपंचबाई अजून रागावलेल्या आहेत.
फाट्यावर उतरलात तर दिसेल,
पिवळ्यावर निळ्या अक्षरांत:
खारवली.
खांड दिसल्यास कोणालाही उठवावे.