शनिवारचं वाचन

आमोरीची घंटा वाजून गेली की कुडतरीच्या तळ्यावरून
डास आणि मुलं एकदमच घरात येतात.
मी कॉइल पेटवते, बाल्कांवचं दार ओढून घेते,
टेबलावरचं मेणकापड पुसते.
उद्या इगर्जीत जे वाचतील
ते आम्ही आजच वाचतो.
म्हणजे रविवारी मुलांना निदान कळतं
आपल्याला झोप कशावर लागली ते.

तीन पुस्तकं उघडतात.
शापायचं रोमी कोंकणी, भिंगासकट.
मुलांचं इंग्रजी, शाळेच्या खाकी कव्हरात.
माझं मराठी, सावंतवाडीहून लग्नाच्या ट्रंकेतून आलेलं,
शेवटच्या कोऱ्या पानावर आईनं
दुधाचा हिशेब मांडला होता.
एकच वाक्य तीनदा येतं,
एकच पाहुणा तीन दारांनी यावा तसं,
आणि दर वेळी पायात वेगळ्या चपला.

या आठवड्याला द्राक्षमळ्याचा धनी.
पहाटे बोलावले त्यांना एक नाणं,
दुपारी आले त्यांना एक नाणं,
आणि ऊन उतरल्यावर तासभर राबले
त्यांनाही तेवढंच.

झेलियानं पुस्तक मिटलं.
"हे फेअर नाही."
अकरा वर्षांची आहे. घरात केक कापला की
तुकडे तीच मोजते.
"मग पहाटे जायचंच कशाला?"
शापाय म्हणाला, "देवाचें गणीत," आणि खोकला.
मी समजवायला गेले, कृपा म्हणजे काय,
तर शब्द टाळूला चिकटला
ओल्या पावासारखा.
खरं सांगू? मलाही ते कधी पटलेलं नाही.
या घरात पहाटे उठणारी मीच.

एल्रॉय टेबलाखाली होता,
कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत.
तिथूनच म्हणाला, "पण ते दिवसभर होते कुठे?"
कोण रे?
"शेवटचे."
चौकात, मी वाचून दाखवलं.
कुणी कामाला लावलं नाही म्हणून उभे.
"मडगावला असतात तसे? थापी आणि डबा घेऊन?"
तसेच.
"मग डबा कधी खाल्ला त्यांनी?
काम नसलं तर खाता येतो?"

तिन्ही भाषांत शोधलं असतं तरी
डबा कुठेच नव्हता.

शापायनं भिंग पालथं ठेवलं.
"बहरीनला उतरलो," तो म्हणाला,
"तेव्हा एकवीस दिवस गोदीच्या फाटकाशी उभा होतो.
डबा तिथेच संपवायचो, उभ्या उभ्या.
रूमवर परतताना रिकामा दिसला पाहिजे ना,
नाहीतर बाकीच्यांना कळलं असतं."
मग मेणकापडावरचा एक डाग
अंगठ्यानं घासत राहिला.
हे आम्हाला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.
मिनीनलाही नसावं.

झेलिया म्हणाली, "तरी पण."
आणि वहीत लिहिलं, फेअर नाही.
फक्त पेन ठेवून पेन्सिलनं लिहिलं.

साडेदहाला फोन वाजला.
मिनीन, जहाजावरून,
कुठल्याशा बंदरातलं उसनं नेटवर्क,
चेहरा चौकोनाचौकोनांत फुटत
पुन्हा जुळत.
"झालं वाचन? संपलं?"

प्रार्थना झाली होती. ताटं धुऊन पालथी घातली होती.
कॉइलची राख बशीत वेटोळं करून पडली होती.
एल्रॉय कुत्र्याला टेकून अर्धा झोपलेला.
मी हो म्हणणार होते.

झेलियानं पुस्तक माझ्या हाताखालून ओढलं.
"थांब, डॅडा," म्हणाली,
फोन बरणीला टेकवून उभा केला,
आणि पहाटेपासून
वाचायला लागली.