माप

पावणेनऊला मी आईच्या शिलाई मशीनचं मुंडकं
आत दुमडते, फळी लावते,
फळीवर लॅपटॉप.
राजारामपुरीतल्या या दोन खोल्यांत
टेबल म्हणावं असं हेच.

खाली पायटा तसाच.
प्रमाण विचलन समजावताना
पाय आपोआप हलतो, चाक फिरतं, बिनदोऱ्याचं.
गगनबावड्याला रेंजसाठी बांधावर उभा राहिलेला
संपत पाडळकर विचारतो,
"मॅडम, तुमच्यात गिरण चालूय काय?"
मी माइक बंद करते, हसते.
हसताना मानेत काहीतरी अडकतं,
बिजागरीत खडा अडकावा तसं.

मीटिंगला कुलसचिव येईपर्यंत
चौकोनांत बसलेले आम्ही
हल्ली वेतन आयोगाचं बोलत नाही.
रसायनशास्त्राच्या मुजावर मॅडमना
चहाचा कप उचलत नाही,
त्या वाटीनं पितात, दोन्ही हातांनी.
इतिहासाचे भोपळे सर तालमीत गेले होते
कंबर दाखवायला.
वस्तादांनी पालथं घातलं, पाठीत कोपर रोवलं,
विचारलं, "कुठल्या मैदानात पडलासा, सर?"
सर म्हणाले, "सोफ्यावर."
सगळे हसले,
आणि हसताना प्रत्येकाचा हात
आपापल्या जागी गेला.

डॉक्टरांनी विचारलं,
एक ते दहामध्ये किती दुखतं?
मी म्हणाले, सात.
मग राहवलं नाही, म्हणाले,
पण या आकड्यांची सरासरी काढू नका हं,
ही नुसती क्रमाची पट्टी आहे,
माझ्या सात आणि आठमध्ये
आठ आणि नऊइतकंच अंतर असेल असं नाही.
त्यांनी लिहिलं, सात.
खाली लिहिलं, खुर्ची बदला.

खुर्ची आईचीच. म्हणजे स्टूल.
त्यावर बसून तिनं एकवीस जून काढले,
खाकी चड्ड्या, निळे फ्रॉक,
ढिगाखाली कुठंतरी माझी फी.
रात्री तव्यावर निरगुडीचा पाला गरम व्हायचा,
खोलीभर कडसर वास.
मला वाटायचं, आयांचा वासच तसा असतो.
दुखतंय, असं ती म्हणाल्याचं आठवत नाही.
मी विचारल्याचंही.

परवा तिनं ब्लाऊजचं कापड काढलं,
जांभळं, बारीक बुट्टीचं.
"उभी ऱ्हा सरळ."
राहिले.
"सरळ म्हनलं, विजू."
"सरळच आहे की."
टेप खांद्यावरून पुन्हा फिरला.
मानेच्या मुळाशी तिची बोटं थांबली,
बरोब्बर तिथं, जिथं बोट ठेवायला
एक्स-रेलाही जमलं नव्हतं.
"उजवा पाऊण बोट खाली गेलाय तुझा."
मग, टाचणी ओठांत धरून,
"असू दे. कापडात सावरून घेतो मी.
बाहिर कुनाला कळायचं न्हाई."

घेतो, म्हणाली. इथल्या बायका म्हणतात तसं.
खडूची रेघ ओढली, जराशी तिरकी,
हात कुठंही न अडखळता,
जणू ही रेघ तिला फार वर्षांपासून पाठ आहे.

ती चहा टाकायला आत गेल्यावर
मी दोरीवरचा तिचा ब्लाऊज काढला,
किंचित ओला होता अजून,
फळीवर पसरला, शिवणीला शिवण लावून
मधोमध घडी घातली.
दोन खांदे जुळेनात.
बोटं ठेवून मोजलं.

उजवीकडे, दोन बोटं.